हिरव्या जोडीची ताटातूट

तुमच्या घरातल्या बाईच्या नोकरीच्या आड नेमकं कोण येतं, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंय का?

प्रश्न माझाच आहे. माझ्या पत्रकाचा तो मथळा होता. लाल शाईत आणि एवढा मोठा, की खाली मजकुराला फारशी जागाच उरली नव्हती. सिडकोतल्या आमच्या गल्लीत ते मी दारोदार वाटलं. उत्तर तेव्हा मला तोंडपाठ होतं : व्यवस्था, रूढी आणि पुरुषाचा अहंकार, याच क्रमानं. पण आमच्या घरात एका मंगळवारी जो आड आला तो अडीच इंची खिळा होता. आणि तो ठोकला होता मी.

आधी घराची ओळख करून देतो. खाली माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, छापखाना आणि वर आमचं बिऱ्हाड. मी पत्रकांवर वाढलो हे अक्षरशः खरं आहे. (लहानपणी मला कागदाच्या दोन रिमांच्या मधल्या बेचक्यात झोपवायचे, असं आई सांगते.) शाळेत माझ्या वह्यांना कव्हर असायची ती उरलेल्या पत्रकांची. गणिताच्या वहीवर 'जाहीर निषेध' आणि भूगोलाच्या वहीवर 'चलो क्रांती चौक'. एवढं करून पोराचं नाव संग्राम ठेवलं आणि वर आईची अपेक्षा काय, तर हा मोठा होऊन बँकेत चिकटेल!

मी चिकटलो नाही. आमच्या घरात चिकटून नोकरी करणारा एकच, माझा थोरला भाऊ, दादा. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याची बायको सुवर्णावहिनी. लग्नाआधी त्यांनी चार वर्षं चितेगावच्या कारखान्यात काम केलं होतं. मग लग्न, मग मुलगी, मग नोकरी सुटली. आता मुलगी बालवाडीत जायला लागली आणि वहिनी वर्षभर घरून करायचं काम शोधत होत्या. तीन ठिकाणी नकार आला. चौथ्या कंपनीत मात्र दोन फेऱ्या पार पडल्या. काम असं, की लोकांची यंत्रं बिघडली की त्यांना व्हिडिओवर समजावून सांगायचं. शेवटची मुलाखत मंगळवारी, दुपारी तीन वाजता. पावणेतीनला कंपनी नेटची लाइन तपासणार. लाइन पास झाली तरच मुलाखत. वेळ बदलून मिळणार नाही. नेट तारेनं जोडलेलं हवं, मोबाइलचं चालणार नाही. दार बंद आणि पाठीमागे कोरी भिंत हवी.

(नेटचा डबा खाली छापखान्यात आहे, मग वहिनी तिथंच का बसल्या नाहीत, असं विचाराल. आमच्या छापखान्यात कोरी भिंत! पत्रकं चिकटवायला अण्णांनी छतसुद्धा सोडलेलं नाही.)

तर सोमवारी मी ठरवलं, की वहिनींना नुसत्या शुभेच्छा देऊन भागणार नाही. जिन्यातून वर येता-जाता त्यांना बळ मिळालं पाहिजे! म्हणून मी रात्रीच एक फलक रंगवून ठेवला होता : 'बाईच्या कामाला वाट द्या!' मंगळवारी सकाळी तो जिन्याच्या भिंतीवर, वहिनींच्या खोलीच्या अलीकडे टांगायला मी हातोडी घेतली. दोन ठोके बसले. तिसऱ्याला आतून 'कच्' आवाज आला.

"भावजी," वरून वहिनींचा आवाज आला, "नेट गेलं का हो?"

खाली डब्यावरचा दिवा विझला होता. दादानं बसवलेली नेटची तार जिन्याच्या कडेनं वर जात होती, आणि दिवाळीच्या रंगकामात तिच्यावरूनही ब्रश फिरला होता. पांढऱ्या भिंतीवर पांढरी तार! खिळा तिच्या बरोब्बर पोटातून गेला होता. वर 'बाईच्या कामाला वाट द्या!' आणि खाली वाट लागलेली.

आई स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातानं बाहेर आली. खिळ्याकडं बघितलं, फलकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आरं ए संग्राम्या, एवढी मोठी भिंत व्हती. तुला हीच जागा गावली व्हय?"

"आई, दहा मिनिटांत करतो."

"तू दहा मिनिटं म्हनला की मला धास्ती वाटती."

नऊ वाजले होते. हातात सहा तास होते. मी नेटवाल्याला फोन लावला.

"सिडकोतून बोलतोय, लाइन तुटलीय. आत्ता माणूस पाठवता का? तातडीचं आहे."

"कोणती गल्ली?" मी सांगितली. मग, "का हो, 'लोंबत्या तारांचा लोंबता कारभार' हे पत्रक तुमच्याच गल्लीत वाटलं होतं ना?"

"हो. म्हणजे… असेल."

"त्यात खाली लिहिलंय, 'यांच्या माणसांना दारात उभं करू नका.' सगळ्या पोरांनी वाचलंय ते. आता तुम्हीच सांगा दादा, कसा पाठवू? उद्या बघतो."

"कुणी काढलं असेल हो ते पत्रक?" मी चाचपून बघितलं.

"तुमचाच नंबर आहे की खाली."

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते मशीनच्या चाकावर तेल सोडत होते. त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी स्फुरण चढलं. "बरं झालं! दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस जगायचं? तार म्हणजे काय, दोन टोकं आणि मधला पल्ला. स्वतः जोड!"

माळ्यावर दादानं ठेवलेलं उरलेल्या तारेचं वेटोळं सापडलं. लांबी पुरेशी होती. जिन्याखालच्या भोकातून ती तार मी खालून वर ओढून घेतली. (भोक इतकं बारीक, की तयार टोक बसवलेली तार त्यातून जात नाही. टोकं नंतरच बसवावी लागतात.) आता फक्त तारेच्या दोन्ही टोकांना ते पारदर्शक प्लास्टिकचे प्लग हवे होते. वहिनी जिन्यात येऊन तार बोटात धरून बघत होत्या.

"भावजी, प्लग आणताना ते…"

"वहिनी!" मी हात वर केला. "आज तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. पिढ्यानपिढ्या बाईनं मुलाखतीच्या दिवशीसुद्धा घरचं निस्तरलं. आज नाही! तुम्ही तयारी करा."

"नाही, मी एवढंच म्हणत होते की…"

"एक शब्द नको!"

त्यांनी तोंड मिटलं. मला वाटलं, भारावल्या.

पैठण गेटजवळच्या बोळात अफसरभाईंचं दुकान आहे. दुकान एवढं, की दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. भिंतीभर वायरी, रिमोट, चार्जर. अफसरभाई पन्नाशीचे, चष्मा कायम कपाळावर.

"बोलो मियाँ, क्या होना?"

"तारेच्या शेवटी बसवायचं ते टोक हवंय. पारदर्शक. पाठीवर जिभळी असते. भोकात घातलं की टक् वाजतं."

"फोनका, के नेटका?"

इथं शहाण्या माणसानं एक शब्द बोलून गप्प बसायचं असतं. पण प्रश्नानं मला आयता मुद्दा दिला होता! "अफसरभाई, आता फोन आणि नेट वेगळं राहिलंय कुठं? दोन्ही गोष्टी त्याच चार मालकांच्या खिशात. आपल्याला वाटतं आपण निवडतोय…"

मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. अफसरभाईंनी माझ्या भाषणाचा पहिला परिच्छेद सहन केला, दुसऱ्याच्या सुरुवातीला एका डब्यात हात घातला आणि मूठभर प्लग पिशवीत टाकले. सोबत पकडीसारखं एक अवजार. "ये क्रिम्पर. प्लगमें तार डालनेका, इसमें रखके दाबनेका. शाम कू वापस लाके देव. और एक बात याद रखो, एक बार दाबे तो दाबे. फिर वो प्लग निकलता नै."

घरी पोचलो तोवर साडेअकरा झाले होते. प्लग काढला आणि आधी लॅपटॉपच्या भोकात घालून बघितला. टक्! बरोब्बर बसला. जरा सैल वाटत होता, पण बसला. "बघा!" मी आईला म्हणालो. "मग चालू कर की," आई म्हणाली. तिला भाषणाची मजाच कळत नाही.

मग मी तारेचं बाहेरचं आवरण सोललं. आत आठ बारीक तारा होत्या. प्लगला जागा होत्या चार.

कुठलाही दुसरा माणूस इथं म्हणाला असता, प्लग चुकला. पण माझ्यापुढं एकदम वेगळाच प्रश्न उभा राहिला : आठांपैकी चार तारांना घरी बसवायचं? कोणत्या चार? कुठल्या निकषावर? कामगार कपातीवर अण्णांनी जेवढी पत्रकं छापलीत, तेवढे या शहरात विजेचे खांब नसतील! कपात मला मान्य नव्हती. एकेका जागेत दोन-दोन तारा बसवायच्या, काम वाटून घ्यायचं, असा मी निर्णय घेतला.

दोन-दोन तारा जात नव्हत्या. मी पिळून घातल्या, चावून घातल्या. एक प्लग तडकला, दुसऱ्याची जिभळी मोडली, तिसरा माझ्या अंगठ्यात रुतला.

वहिनी इस्त्री केलेली साडी हातावर घेऊन दारात उभ्या होत्या. "भावजी, हा फोनचा प्ल…"

"वहिनी, आराम!" मी अंगठा तोंडात धरून ओरडलो.

चौथ्या प्लगनंतर आईनं आपला जुना लँडलाइन फोन कपाटावरून काढला (नंबर बंद होऊन किती वर्षं झाली, पण आईनं फोन पुसून ठेवलाय), त्याची वायर उपटली आणि तिचा प्लग माझ्या नाकासमोर धरला.

"ह्यो आन् तुझा येकच हाय ना रं?"

एकच होता. हुबेहूब. मी टेलिफोनचे प्लग घेऊन आलो होतो.

एक वाजता मी परत पैठण गेटला. क्रांती चौकात सिग्नलला उभा असताना वहिनींच्या मागच्या तीन नकारांच्या वेळचं त्यांचं तोंड आठवलं. तिसऱ्या वेळी तर त्या नुसती मेथी निवडत बसल्या होत्या. निवडून झालेली मेथी पुन्हा निवडत होत्या.

"आठ तारा?" अफसरभाईंनी कपाळावर हात मारला, आणि चष्मा तिथंच असल्यामुळं तो मागं टकलावर सरकला. "अरे, तो ये नेटकाच है ना! पैले बोलना था! तुम तो मालिकोंका हिसाब करते बैठे!" त्यांनी मोठे प्लग मोजून दिले, आणि एक डबी. "ये टेस्टर. दोनो सिरेकू लगानेका, एकसे आठ बत्ती बराबर लगी तो समझो तार जुड गई. और ये रंगका कागद. जैसा लिखेला है वैसाच बिठाव. अपना दिमाग नक्को लगाव. तार लाए क्या? लाव, मैं एक सिरा मार देतूं."

तार घरी भोकातून ओवलेली होती. मी कागद खिशात टाकून निघालो.

आता इथं मला थांबून कबूल केलं पाहिजे. आयुष्यात मी हजारो पत्रकं वाचली, वाटली, लिहिली. पण अफसरभाईंनी दिलेला तो तळहाताएवढा छापील कागद हे पहिलं पत्रक असेल, ज्यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि मला तेच पटलं नाही!

त्याचं असं झालं. तारेच्या आत आठ तारा असतात, पण त्या आठ सुट्या नसतात. चार जोड्या असतात. नारंगी आणि तिची पांढरी-नारंगी, हिरवी आणि तिची पांढरी-हिरवी, तशीच निळी, तशीच तपकिरी. प्रत्येक जोडी एकमेकीला पीळ घालून बिलगलेली. कागदावरचा क्रम असा : पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

बघितलंत? नारंगी जोडी शेजारी-शेजारी. निळी शेजारी-शेजारी. तपकिरी शेजारी-शेजारी. आणि हिरव्या जोडीच्या मध्ये आख्खं निळं कुटुंब आणून बसवलेलं!

मी तो माणूस आहे, ज्यानं जातीबाहेर लग्न करणाऱ्यांच्या बाजूनं 'जोडप्यांची ताटातूट थांबवा' हे पत्रक चार तालुक्यांत वाटलंय. दोन वेळा मार खाल्लाय. आणि आता मीच, माझ्या हातांनी, माझ्या घरात, एका जोडीला वेगळं करू? कशासाठी? कुणीतरी कुठंतरी छापलं म्हणून? मी लाल पेन काढलं, कागदावर काट मारली आणि क्रम दुरुस्त केला : नारंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. सगळे आपापल्या माणसाशेजारी. किती साधं! किती न्याय्य! पूर्वी हे कुणाला सुचलं नाही याचं मला वाईट वाटलं.

"अण्णा," मी खालच्या टोकाला प्लग दाबताना सांगितलं, "यांच्या क्रमात अन्याय होता. मी काढून टाकला."

अण्णांनी डोळे मिचकावले. त्यांना अभिमान वाटला की डोळ्यात शाई गेली, माहीत नाही.

मला या प्लगांची सवय नव्हती. आठ तारा ओळीत सरळ करून आत सरकवायच्या, मग दाबायचं. दाबताना एखादी तार हटकून मागं राहायची. प्लग वाया, टोक छाटा, पुन्हा सोला. खाली तीन प्लग गेले, वर दोन. वरच्या टोकाला मी असताना वहिनी तयार होऊन आल्या. त्यांनी वाकून खाटेवरचा रंगांचा कागद उचलला.

"भावजी, हे कुणी खोडलं?"

"मी. तुम्ही विषय वाचत बसा."

"पण हिरवी…"

"वहिनी, बाईनं बाईची बाजू घ्यायला शिकलं पाहिजे. हिरवी जोडी आता सुखात आहे!"

त्यांनी कागद परत खाटेवर ठेवला. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

टेस्टर लावला. एक दिवा लागला. दोन. तीन. मी पायऱ्यांवरून ओरडून आकडे सांगत होतो आणि खालून अण्णा दुसऱ्या डबीवरचे आकडे ओरडत होते. "चार!" "चार!" "पाच!" "पाच!" …"आठ!" "आठ!" आठच्या आठ दिवे! अण्णांनी मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या. मी आईच्या पाया पडलो. (तिनं संशयानं पाय मागं घेतला.)

लॅपटॉपला तार जोडली. टक्, आणि या वेळी घट्ट टक्. नेट आलं. पान उघडलं. वहिनींचे डोळे उजळले. "चाचणी करू," मी म्हणालो, आणि खालून आईच्या मोबाइलवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"हॅलो, वहिनी! दिसतोय का?"

"दिसताय. भावजी, मी काय म्हणत होते, ही जो…"

चित्र थिजलं. पडद्यावर वहिनी तोंड उघडं ठेवून गोठल्या. सकाळपासून त्या एवढंच करत होत्या हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात यायला हवं होतं! मग चित्र हललं, तुटलं, आवाज विहिरीतून आल्यासारखा आला आणि कॉल कटला. पुन्हा लावला, पुन्हा कटला. नेट येत होतं, जात होतं, येत होतं. टेस्टर लावला तर आठच्या आठ दिवे. तीच तार लॅपटॉपला जोडली की नेट गायब!

"दिवे लागत्यात, मग नेट का नाय?" आई.

"दिवे लागतायत ना!" मी.

"मग दिव्यावरच मुलाखत देऊ दे का तिला?"

सव्वादोन. मी वरचं टोक छाटलं, तेच रंग, तोच न्याय, नवा प्लग. आठ दिवे. नेट नाही. खालचं टोक छाटलं. आठ दिवे. नेट नाही! अण्णांनी थांबवलेलं मशीन पुन्हा सुरूच केलं नव्हतं, आणि अण्णांचं मशीन बंद राहिलं की समजावं परिस्थिती हाताबाहेर गेली. दोन पंचवीसला पिशवी उपडी केली. दोन प्लग निघाले. तारेला टोकंही दोनच. पैठण गेटला जाऊन येईपर्यंत तीन वाजून जाणार होते.

मी अफसरभाईंना फोन लावला आणि वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून खालच्या आवाजात सगळं सांगितलं. आठ दिवे, नेट नाही.

"मियाँ, हरी तार कौनसे नंबरपे बिठाए?"

"तीन आणि चार. शेजारी-शेजारी."

"कागदपे क्या लिखा था?"

"तीन आणि सहा. पण अफसरभाई, ते तत्त्वतः…"

"मैं बोला था ना, अपना दिमाग नक्को लगाव!" आणि फोन ठेवला.

मी वळलो. वहिनी मागंच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं. ते आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पदर खोचला आणि माझ्यासमोर तळहात पसरला.

"पकड द्या."

"वहिनी, तुम्ही साडी…"

"भावजी." एवढंच. मी पकड दिली.

पुढचं मी आजही नीट सांगू शकत नाही, कारण ते फार पटकन झालं. वहिनींनी तारेचं टोक छाटलं, पकडीत धरून एका गिरकीत आवरण उतरवलं, अंगठा आणि तर्जनीनं चारही जोड्या उलगडल्या आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या : पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी… कागद न बघता! आठ तारा एका सरळ पट्टीसारख्या ओळीत आल्या. वर शेंडे एकाच कापात समान. प्लग सरकवला, उजेडाकडं धरला, एक डोळा मिटून आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलीत का बघितलं. मग दाबलं. एकदाच.

"खाली चला," त्या म्हणाल्या. नेसलेली इस्त्रीची साडी सावरत छापखान्यात उकिडव्या बसल्या आणि दुसरं टोकही तसंच. माझ्या एका प्लगला जेवढा वेळ लागला होता, तेवढ्यात त्यांचे दोन्ही झाले होते.

"तुम्ही… हे कुठं शिकलात?"

वहिनींनी वर बघितलं. "आता बोलू द्याल?"

मी मान हलवली.

"चितेगावला चार वर्षं मी काय करत होते असं वाटतं तुम्हाला? लोणची भरत होते? गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचो आम्ही. रंग लावा, टोक दाबा, रंग लावा, टोक दाबा. एक रंग चुकला की आख्खा जुडगा परत यायचा. नंतर दोन वर्षं तर मी नव्या पोरींना शिकवायचे."

"मग सकाळपासून सांगितलं का नाहीत?"

हे मी खरंच विचारलं! आईनं तोंडावर पदर घेतला. अण्णा मशीनमागं दिसेनासे झाले. वहिनींनी मात्र शांतपणे खालचा प्लग डब्यात बसवला. टक्.

"आणि ती हिरवी जोडी," जिना चढता चढता त्या म्हणाल्या, "तिची ताटातूट कुणीच केलेली नाही. तीन आणि सहा ही भोकं मिळून एक काम करतात, म्हणून जोडीतली एक तीनवर बसते, एक सहावर. तारेत आत बघा, शेवटपर्यंत एकमेकीला पीळ घालूनच आहेत. तुम्ही शेजारी बसवल्या आणि काम मात्र दोघींना परक्यांबरोबर करायला लावलं. मग नेट कसं टिकेल? दिवे काय, नुसती तार पोचली की लागतात."

माझ्या सगळ्या पत्रकांतला संसार या सहा वाक्यांत कोसळला.

दोन एकेचाळीसला त्यांनी लॅपटॉपला तार जोडली. पावणेतीनला कंपनीची तपासणी सुरू झाली. पडद्यावर एक चक्र फिरत होतं. आम्ही तिघं दाराबाहेर. आईनं माझा हात धरला होता, प्रेमानं नव्हे; मी पुन्हा कशाला हात लावू नये म्हणून. चक्र फिरलं, फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग आतून वहिनी म्हणाल्या, "पास." आणि दार लावून घेतलं.

तीन वाजता बंद दारातून आवाज येत होता. न तुटता, न थिजता. दारापलीकडून कुणीतरी विचारलं, की तांत्रिक कामाचा अनुभव आहे का. "चार वर्षं कारखान्यात," वहिनी म्हणाल्या, "आणि आज सकाळपासून थोडा घरी." पडद्यावरचे दोघं-तिघं हसले. मी जिन्यात बसून होतो. समोर माझा फलक होता. 'बाईच्या कामाला वाट द्या!' त्याच्या खिळ्यावर जुनी तार अजून अडकलेली.

नोकरी मिळाली. वहिनी आता रोज सकाळी नऊला त्या खोलीचं दार लावतात. खिळा मी काढायला गेलो तर आईनं काढू दिला नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "येनाऱ्या-जानाऱ्याला कळू दे." त्या मंगळवारी संध्याकाळी मी पकड परत द्यायला गेलो, तेव्हा अफसरभाईंनी विचारलं, "किसने बिठाया आखिर?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तो सुबूच उनकूच भेजना था ना!"

तेव्हा आता माझी एक विनंती आहे आणि ती पत्रकातली नाही. माझं ते लाल मथळ्याचं पत्रक तुमच्या घरी कुठं पडलं असेल, तर पेन घ्या, 'आड नेमकं कोण येतं?' या प्रश्नाखाली माझं नाव लिहा आणि ते नेटच्या डब्याशेजारी चिकटवा. मग घरातल्या बाईला, वहिनी असो, आई असो, बायको असो, आजच्या आज विचारा : लग्नाआधी तू नेमकं काय काम करायचीस? आणि ती सांगायला लागली, की पुढचं अवघड काम करा. गप्प बसा. सोपं नाहीये, माहीत आहे. मला एवढं जमायला पिशवीभर प्लग लागले.